हाताला न कळलेला चटका

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, तापल्या तव्यावरची भाकरी नुसत्या हातानं उलटायच्या. एकोणीसशे सत्तरनंतरच्या वर्षांत मी सांगलीहून कवठे महांकाळजवळच्या त्या गावात नवी नवरी म्हणून आले. मी फडकं घेतलं की आत्याबाई शेजारच्या बायकांना ऐकवायच्या, "आमची सूनबाई शेरातली. लोण्याचा हात हाय तिचा!" सगळ्या गावाला त्यांच्या हाताचं कौतुक. मला रागही यायचा आणि हेवाही वाटायचा.

एकदा बोलता बोलता त्यांचा हात तव्यालाच टेकून राहिला. वास आला. मी किंचाळले, तर म्हणाल्या, "काय करपलं गं?"

"दुकत न्हाई, मग दवाखाना कशाला?" म्हणत त्या माझ्याबरोबर सांगलीला आल्या. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून कापूस फिरवला. करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर तो फिरलेला त्यांना कळलाच नाही. करंगळी वाकवली की सरळ ठेवली, तेही डोळे उघडल्याशिवाय सांगता येईना. स्पर्श, चटका, वेदना यांचा निरोप मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाच आजारल्या होत्या. आजार महारोगाचा. गोळ्या घेतल्या की तो दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. तरी एस.टी.त त्या म्हणाल्या, "कुनाला सांगू नगंस. माज्या हातचं पानीबी कुनी पिनार न्हाई."

गोळ्या गुडघ्याच्या म्हणून सुरू झाल्या. चुलीपाशी फडकं आलं, चिमटा आला. बायकांनी चिडवलं, तर आत्याबाईच सगळ्यांत जास्त हसल्या. रोज दिवेलागणीआधी मात्र उंबऱ्यात बसून दोन्ही हात उलटेपालटे करून बघायच्या, कुठे भाजलंय, कुठे चिरलंय. "दुकत न्हाई म्हंजी बरं हाय, असं वाटायचं मला," एकदा म्हणाल्या. "राखनीचं कुत्रं मेलं हुतं, आन मी म्हनत हुते, चोर यीत न्हाईत."

जत्रेला गावजेवणाच्या भाकऱ्या आमच्या अंगणात व्हायच्या. एका वर्षी शेजारची नवी सून शालन नुसत्या हातानं भाकऱ्या उलटू लागली. वाहवा सुरू झाली. आत्याबाई उठल्या.

"डोळं मीट गं. कापूस लागला की सांग."

करंगळीवर त्यांनी कापूस फिरवला, पुन्हा फिरवला, मग चांगला दाबला.

शालन हसत म्हणाली, "लावा की काकू. कवाची वाट बगतीया!"

आधी बायका हसल्या, मग शालनच्या करंगळीकडे बघू लागल्या. शालनची सासू म्हणाली, "आवं, कामाचा हात हाय त्यो. राठ झालाय. दवाखाना कशाला?"

बाजूला बोलावून सांगता आलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण आत्याबाईंनी आपली वाकू लागलेली करंगळी सगळ्यांसमोर धरली. "मीबी असंच म्हनत हुते. मला महारोग हाय. गोळ्या खातीया. उद्या हिला मी सांगलीला न्हेनार."

त्यांनी थापलेल्या भाकऱ्या त्या दिवशी कुणी उचलल्या नाहीत. पुढे बरीच वर्षं गावजेवणाला त्यांना बोलावणंही आलं नाही. त्या रडल्या, मी पाहिलंय. पण शालनच्या गोळ्या एकदाही चुकू दिल्या नाहीत. इतकं धाडस मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

आत्याबाई गेल्या तेव्हा अंघोळ घालायला बायका कचरत होत्या. शालन पदर खोचून पुढे आली. तिनं बादलीत तीच करंगळी बुडवली आणि झटकन मागे घेतली.

"लय कढत हाय," ती मला म्हणाली. "काकूंना भाजंल. गार पानी वत."