कुंकवाखालची गवळण

वडिलांचं गाणं मी समोर बसून कधीच ऐकलं नाही. मला कळायला लागलं तेव्हा त्यांचा गळा गेलेला होता. बोलायचे तेही घोगरं, फाटल्यासारखं. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो. लग्नानंतर दोन वर्षांनी विषमज्वर झाला आणि त्यात गळा गेला, त्याआधी आबा असे गायचे की महाळुंग्याच्या देवळात पाय ठेवायला जागा नसायची, हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते पाहिल्यासारखंच वाटायचं.

पुरावा म्हणून एक तबकडी होती. लहान, तळहाताहून थोडी मोठी. मुंबईत हमाली करणाऱ्या आमच्याकडच्या काही मंडळींनी वर्गणी काढून ती काढली होती. एका बाजूला गवळण, दुसऱ्या बाजूला अभंग. मधल्या गोल कागदावर आबांचं नाव आणि खाली ‘आणि साथीदार’. त्या साथीदारांत माझे मामा होते, आईचे थोरले भाऊ. ते तळेघरकडचे, भात आणि नाचणी करणारे. तेव्हा तेही मुंबईत होते.

तबकडी फडताळात, देव्हाऱ्याच्या शेजारी असायची. वाजवायचं यंत्र पेटीसारखं होतं, झाकणातच कर्णा. सुई ठेवायचे ती फक्त आबा. काठापासून बोटभर आत. सुरुवात खराब झाली आहे, असं सांगायचे. एकदा मी अगदी काठावर सुई ठेवली तर नुसती खरखर झाली आणि सुई उडाली. आबा मारायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून बाजूला केला तो इतका जोरात की दोन दिवस मनगट दुखत होतं.

खराब होण्याचं कारण साधं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, नांगर, पाटा, आईचं शिलाईचं मशीन, सगळ्यांची पूजा व्हायची, आणि त्यात तबकडीचीही. आई हळदीकुंकू पाण्यात कालवून अंगठ्याने तबकडीच्या काठावर लावायची. दरवर्षी त्याच जागी. काठावर लाल पिवळा थर चढला होता आणि आम्हाला तो शोभेचा वाटायचा. गाणं काठापासून सुरू होतं आणि आपण देवपूजेच्या नावाखाली त्याचं तोंड बंद करतो आहोत, हे शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून तीस वर्षं काढूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

जे ऐकू यायचं त्यात झांज, पखवाज आणि आठ-दहा माणसांचा एकत्र कल्लोळ. सुई झिजलेली, यंत्राचा वेग कमीजास्त. त्यातला उंच आवाज आबांचा, असं आम्ही धरून चाललो होतो. ज्याचं नाव छापलेलं असतं त्याचाच आवाज ऐकू येतो.

लहानपणी आवणीच्या दिवसांत मी मामांकडे जायचो. भाताची रोपं लावताना मामा गायचे. वर चढायच्या आधी ते शब्दाच्या मध्येच एक बारीक श्वास ओढायचे, हुंदका यावा तसा. बांधावरचा कुणीतरी म्हणायचा, “दाजीची नक्कल करतोय बघा.” मीही एकदा म्हणालो होतो, “मामा, तुम्ही थोडंथोडं आबांसारखं गाता.” मामा कमरेत वाकलेलेच होते. हसून म्हणाले, “व्हय रे. थोडंथोडं.”

आता नदीच्या घाटावरची गोष्ट सांगतो. ती सांगायची लाज वाटते, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं.

सहा वर्षांपूर्वी आबा गेले. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. तासभर झाला. एकेक जण पुढे होऊन सांगत होता, मुलांकडे बघू, शेत पडू देणार नाही, आईला जपू. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “त्यांची गवळण लावा राव. तेवढंच राह्यलं आसंल.” मला ते पटलं. मी घरून यंत्र मागवलं आणि प्रवचनासाठी आणलेला माईक त्याच्यापुढे धरायला हातात घेतला.

मामा माझ्याजवळ आले. माहेरचा दुखवटा म्हणून त्यांनीच आणलेली टोपी तासाभरापूर्वी माझ्या डोक्यावर घातली होती. ते हळूच म्हणाले, “हितं नको लावू.”

“का?”

“त्यात तुझ्या बापाचा आवाज न्हाई. पिंडापुढं तरी नको.”

माईक माझ्या हातात चालू होता. त्यांचं बोलणं त्यात गेलं नाही, माझं गेलं. मी म्हणालो, “मामा, माणूस गेल्यावर तरी जळू नका.” दोन्ही कर्ण्यांतून ते नदीपलीकडे ऐकू गेलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या हातात दिली. आमच्याकडे दुखवटा परत करणं म्हणजे नातं तोडणं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दिली.

मामांनी टोपी घेतली. पिंडासमोर गेले, हात जोडले. ओठ हलताना दिसले. मग चपला घालून जेवणाला न थांबता निघून गेले. मी गवळण लावली. नेहमीसारखीच, बोटभर आतून. थोड्या वेळाने कावळा खाली आला. पुढे कित्येक दिवस मी लोकांना सांगत होतो की आबांचा जीव गवळणीत अडकला होता.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिला सासरी जाताना आजोबांची गवळण फोनवर हवी होती. मलाही मनातून एकदा आबांचा धडधाकट गळ्याचा आवाज नीट ऐकायचा होता. जुन्नरला एक चाचा आहेत, रेडिओ, टेप, मिक्सर काहीही दुरुस्त करतात. दुकानात मागच्या बाजूला त्यांचं स्वतःचं तबकडीचं यंत्र आहे, लाकडी खोक्यातले दोन स्पीकर. तबकडी हातात घेऊन त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“भाऊ, हे काय लावलंय?”

“पूजेचं कुंकू.”

“किती वर्षं?”

“पन्नासएक.”

“पूजा लई केली, पुसली कधीच न्हाई,” चाचा म्हणाले. “देव बी आंघोळ घालून घेतो, भाऊ.”

त्यांनी मधल्या कागदावर स्टीलची वाटी पालथी दाबून धरली आणि कोमट पाण्यात दोन थेंब साबण टाकून मऊ ब्रशने काठ धुतला. घासायचं नाही, रेघेरेघेने फिरवायचं. पाणी आधी पिवळं झालं, मग लाल. तीनदा पाणी बदललं. मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपून तबकडी उभी करून ठेवली आणि चहा मागवला. चहा पिताना मी त्यांना आबांबद्दल सांगत होतो. मला आठवतं, मी फार खुशीत होतो.

चाचांनी सुई ठेवली. काठावर.

खरखर आलीच नाही. आधी नुसती शांतता, पण रिकामी नव्हे. एका मोठ्या खोलीत माणसं श्वास धरून बसली आहेत हे कळावं अशी. कुणीतरी मांडी बदलली, त्याचा आवाज. कुणी घसा साफ केला. मग अगदी माईकजवळ, हलक्या आवाजात एक जण म्हणाला, “दाजी, टाळ धरा.” टाळाची एक किण्ण, इतकी स्वच्छ की चाचांच्या दुकानातच वाजली असं वाटलं. आणि ज्याने दाजींना टाळ धरायला सांगितलं होतं, तोच गायला लागला. एकटा. पहिली ओळ, दुसरी ओळ. वर चढायच्या आधी शब्दाच्या मध्ये बारीक श्वास, हुंदक्यासारखा.

त्या खोलीत ज्यांना कुणी दाजी म्हणेल असा एकच माणूस होता.

चाचांना काही माहीत नव्हतं. ते डोळे मिटून म्हणाले, “काय गळा व्हता हो तुमच्या वडलांचा.” मी हो म्हणालो. त्यांनी फोनमध्ये सगळं भरून दिलं. मी परत एकदा हो म्हणालो आणि बाहेर पडलो.

घरी येऊन फोन आईच्या पुढ्यात ठेवला. ती लसूण सोलत होती. दाजी हा शब्द आला तेव्हा तिचा हात थांबला, गाणं सुरू झाल्यावर परत चालू झाला.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“भावाचा आवाज बहिनीला कळत न्हाई व्हय?”

“मग कुंकू?”

तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत सारल्या. “पयल्या साली चुकून काठाला लागलं. सुई खरखराय लागली. मला वाटलं, आता हे चिडत्याल. तर यांचं तोंड असं मोकळं झालं, जसं कुनी डोक्यावरनं भारा उतरवला. मग दरसाल तितंच लावलं.”

“आणि मामा?”

“भाऊ माझा व्हता. घर यांचं व्हतं.” मग म्हणाली, “तुला टोपी परत द्यायला मी सांगितलं न्हवतं.”

तेही खरंच. त्या रात्री मला सगळ्यात जास्त राग आला तो गळ्याच्या दुखण्याचा. विषमज्वर खरा असेल, आवाज घोगरा झाला हेही खरं असेल. पण आम्ही भावंडांनी गेलेल्या गळ्याची किती काळजी घेतली होती. थंडीत त्यांना मफलर, सकाळी ओव्याचं पाणी. आंबट घरात शिजायचं नाही. मी त्यांच्यासमोर कधी गुणगुणलोही नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. ते सगळं त्यांनी घेतलं.

चार दिवसांनी तळेघरला गेलो. फाट्यावर उतरून पाऊण तास चालावं लागतं. मामा अंगणात ओटीला टेकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. मला पाहून त्यांनी मामींना हाक मारली, “पावणं आलं. पानी आन.” भाच्याला पावणं म्हटलं तेव्हाच मी समजून चुकलो.

मी पाया पडलो. पडू दिलं. मी फोन लावला आणि त्यांच्या कानाजवळ धरला. स्वतःचा आवाज ते परक्याचा ऐकावा तसा ऐकत होते. एके ठिकाणी तोंड वाकडं करून म्हणाले, “हितं जरा घाई केली.” संपल्यावर म्हणाले, “परत लाव.”

दुसऱ्यांदा संपल्यावर मी विचारलं, “नाव आबांचं कसं पडलं?”

“कागदावर सही मागितली. मला सही येत न्हवती. तितल्या साहेबापुढं अंगठा द्यायची लाज वाटली. म्हनलं, दाजी, तुमी करा. त्यांनी केली. छापून आलं तवा आमी दोगंबी लई हसलो.”

“नंतर?”

“नंतर ते हसायचं थांबले.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“बहीन दिलेली त्या घरात.” मग फोनकडे बोट करून म्हणाले, “तू गानं ऐकतोयस. टाळ ऐक. एवढ्या गलबल्यात एक ठोका हालला न्हाई. तसा टाळ मला परत कुनी धरला न्हाई.”

मी तिसऱ्यांदा लावलं आणि फक्त टाळ ऐकला. खरंच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ, गळ्याच्या एक पाऊल मागे चालणारा. चाचांनी तबकडी धुतली नसती तर तो माझ्या कानावर कधी आला नसता. माझा बाप इतकं चांगलं काहीतरी करत होता आणि त्याने आम्हाला त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. मला तेवढं पुरलं असतं. त्यांना का पुरलं नाही, हे विचारायला आता कुणी नाही, आणि म्हणून तो राग जायचाही नाही.

“त्या दिवशी पिंडासमोर काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हनलं, दाजी, जावा आता. मी कुनाला बोलत न्हाई.”

मी टोपीचं विचारलं. खिशात मी नवी घेऊन गेलो होतो, त्यांच्या हातून घालून घ्यायला. मामा म्हणाले, “ती वाटंतच एका गुराख्याला दिली. टोपी चांगली व्हती, डोकं दुसरं मिळालं.” मामी आतून हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. खिशातली टोपी खिशातच राहिली.

नाचणीची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली होती. मी जेवलो. मामा समोर बसून वाढत होते, नको म्हटलं तरी. निघताना मी मुलीच्या लग्नाची पत्रिका पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, देवापुढे ठेवली आणि उंबऱ्यापर्यंत आले.

“पोरीला आशीर्वाद सांग. मी काय त्या गावात येनार न्हाई,” ते म्हणाले. “तुला यायचं तर येत जा. येताना फोन आन.”