होडीची बॅटरी

पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्यावर ओढली, की आमचे हे तिची बॅटरी काढून घरी आणतात. पडवीत फळीवर ठेवतात, पुसतात, अधूनमधून चार्जिंगला लावतात. यंदा हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचं समुद्रावर जाणं कायमचं बंद केलं. तरी आज शेजाऱ्याकडून त्यांनी बॅटरी आणवून घेतलीच.

"अहो, आता कुणासाठी जपताय?" मी विचारलं.

"मग काय मरू देऊ तिला?"

ते पडवीत येरझाऱ्या घालू लागले. लाटांचा आवाज वाढला की थांबत, पुन्हा चालू लागत. रिकामे हात माणसाला किती जड होतात! जरा बसा, असं सांगायला मी उठले आणि त्यांच्याबरोबर चालत राहिले.