तीन कामांना एक पँट

ऑफिसात फाइल उघडायला निदान एखादा अर्ज लागायचा. किश्श्यांना तोही लागत नाही. रिकामी झालेली तीन म्हातारी माणसं रविवारी डोंगर चढायला लागली की ते आपोआप साठत जातात. आणि हीच माणसं हिमाचलच्या बर्फात जायला निघाली, तर विचारूच नका! निघायचं ठरल्यापासून मी धड एका जागी बसलेलो नाही. कारण एक पँट.

झालं असं. आमच्या ग्रुपची लीडर कल्पना. पस्तिशीच्या आतली, बर्फातला कोर्स केलेली, आणि आम्हां साठीपुढच्यांना शाळेतल्या पोरांसारखं वागवणारी. तिने सामानाची यादी पाठवली. त्यात एक ओळ होती: 'सॉफ्टशेल पँट, एक. खडक, स्की आणि बर्फातली चढाई, तिन्हीला चालेल अशी.' कापड ताणलं जाणारं हवं, वारा अडवणारं हवं, अंगावर पडलेला बर्फ झटकणारं हवं, आणि घाम आत कोंडता कामा नये. एवढे गुण मी अख्ख्या नोकरीत एकाही साहेबात पाहिले नव्हते!

यादीचा सगळ्यात मोठा फटका जनूदादांना. जनूदादा अर्नाळ्याचे, मासेमारीची बोट आता मुलाच्या हातात दिलेली. उभा जन्म हाफ पँटमध्ये गेला. कल्पनाने बजावलं, "दादा, हाफ पँटवर मी वर नेणार नाही. निघायच्या आदल्या शनिवारपर्यंत नीट पँट दिसली नाही, तर तुम्ही खालच्या कॅम्पवर थांबायचं. फायनल!"

दादा एवढंच म्हणाले, "सगली हयात बोटीत बर्फ फोडला, पोरी. आभालातून पडलेला एकदा तरी पायाखाली घेऊ दे."

* * *

त्या शनिवारला पाच आठवडे होते. मी हाडाचा कारकून. तुलनात्मक तक्ता काढला: अकरा पँटी, सात रकाने. ताण, वारा, पाणी, घाम, झिप, खिसे, गुडघ्याचं दुहेरी कापड. सकाळी एक पँट पहिली यायची, संध्याकाळी दुसरी. मधल्या वेळात मी हॉल ते बाल्कनी फेऱ्या घालायचो.

शेवटी बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा एवढा तक्ता केला होतात का हो?"

"तेव्हा एकच कोटेशन आलं होतं!"

त्या दिवशी चहा मी स्वतः करून घेतला.

* * *

तिसरे आमचे फ्रान्सिस मास्तर, वटारचे. वाडीत केळी आणि मोगरा, डोक्यात अजून शाळा. विरारच्या एका मोठ्या दुकानात आम्ही दोघं गेलो. कल्पनाने सांगून ठेवलं होतं: पँट घालून गुडघा छातीला लावून बघा, कुठे काचली तर ती घ्यायची नाही.

मास्तर ट्रायल रूममध्ये शिरले. मग धडाम! पडद्याखालून एक पाऊल बाहेर आलं, तेही आडवं.

सेल्समन धावला. "अंकल, ठीक हो ना?"

आतून मास्तरांनी निकाल जाहीर केला, "पँट पास! गुडघा नापास!"

* * *

तरी मास्तरांनी ती घेतलीच. घरी आणून वाडीत उभे राहिले आणि स्वतःच्या मांडीवर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब मोत्यांसारखे घरंगळून गेले! मास्तरांनी मला फोन केला, शेजाऱ्यांना बोलावलं. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर प्रयोग पुन्हा जाहीर दाखवायचं ठरलं.

रविवारी माणसं जमली, कल्पनाही आली. मास्तरांनी पाणी ओतलं. एक थेंब घरंगळला असेल तर शपथ! सगळं पाणी आत, मास्तर गार.

मास्तरांची बायको रेजिना दारातून म्हणाली, "नवा कपडा धुतल्याबिगर आमच्या घरात कोणी घालतं का? चांगला दोनदा धुतलाय. तो मऊ करायचा वासाचा साबणही घातला!"

कल्पनाने कपाळाला हात लावला. त्या साबणाने कापडाचा पाणी झटकायचा गुणच गेला होता. मास्तरांना नवी पँट शोधणं आलं.

* * *

दोन आठवडे उरले तेव्हा माझा धीर सुटला. तक्ता बाजूला ठेवला आणि आतून लोकर लावलेली सगळ्यात जाड पँट उचलली. ती चढवून ग्रुपबरोबर तुंगारेश्वरचा डोंगर गाठला. निम्म्या वाटेवर बूट पचपच वाजायला लागले.

कल्पनाने वाकून पाहिलं. "काका, ही पँट बाहेरचं पाणी अजिबात आत येऊ देत नाही."

"मग चांगलं की!"

"आतलंही बाहेर सोडत नाही. तुम्ही शिजताय!"

* * *

शेवटी तो शनिवार उगवला. जनूदादांची पँट अजून नव्हतीच. रोज विचारलं की म्हणायचे, "बघतो." कल्पनाला संध्याकाळी वर जाणाऱ्यांची नावं कळवायची होती. दादांचं नाव सोडून तिने यादी लिहिली होती. माझी आणि मास्तरांची पँट तोवर झाली होती; दादांसाठी आम्ही सगळे विरारच्या त्याच दुकानात जमलो. मी दर मिनिटाला दाराकडे बघत होतो.

दादा आले. खाली हाफ पँट, डोक्यावर मासळीची थर्माकोलची पेटी. त्यांनी ती दुकानाच्या मधोमध ठेवली आणि झाकण काढलं. आत काठोकाठ फोडलेला बर्फ!

मॅनेजर ओरडत आला, "अरे, ये क्या है?"

"ट्रायल," दादा म्हणाले. "तुमच्याकडं बर्फ नाय, म्हनून घरचा आनला."

बर्फावर त्यांनी प्लॅस्टिक पसरलं, दुकानाचा माल भिजू नये म्हणून. पहिली पँट घालून त्या बर्फावर बसले, दोन मिनिटांत उठले. दुसरी चार मिनिटं. तिसरी घातली आणि बसले ते बसलेच. गिऱ्हाइकं गोळा झाली. मॅनेजर कुणाला तरी फोन लावत होता. पंधरा मिनिटं झाली. कल्पना हाताची घडी घालून समोर उभी होती.

"दादा, थंडी?"

"कुठं काय? चा सांग."

"उठा. गुडघा छातीला लावा."

दादांनी लावला. डावा लावला, उजवा लावला, पेटीवर चढून दोन्ही पुन्हा लावले. पँट कुठे काचली नाही.

कल्पनाने यादीचा कागद काढून दादांचं नाव लिहिलं, सगळ्यात वर. मग मांडणीवरून बायकांच्या मापाची एक पँट काढून ट्रायल रूममध्ये गेली. पाच मिनिटांनी ती घालून बाहेर आली. दादा पुन्हा पेटीवर बसून चहा पीत होते.

कल्पना म्हणाली, "दादा, जरा सरकता का?"