आमच्या घोड्याचं दुखणं

आमच्या दारात घोडा आहे आणि तो डिझेल पितो.

बंदरातून कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरचा पुढचा, केबिनचा भाग म्हणजे घोडा. आमच्या पट्ट्यातली मिठागरं गेली, ट्रेलर आले, तेव्हापासून घोडा म्हटलं की शेपटी कुणाला आठवत नाही. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी तबक असतं, त्यात ट्रेलरची पिन अडकते. त्या तबकाला फिफ्थ व्हील म्हणतात. (ते चाक नाही आणि पाचवंही नाही. नाव ठेवणारा बहुधा पदवीधर असावा.)

मी पदवीधर आहे. बी.एस्सी., फिजिक्स. आमच्या घराण्यात पहिली. मी सांगितलं नाही तर आई सांगते, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तर त्या जोडातून आवाज यायला लागला. खड्डा आला की टण्, ब्रेक मारला की टण्-टण्. उभा जन्म ट्रेलरवर काढलेले आमचे बाबा त्या दिवशी चहा न घेताच ओट्यावर बसले.

"जोड सैल झालाय," ते म्हणाले. "उतारावर पिन सुटली तं कंटेनर कोनाच्या घरात शिरंल?"

"बाबा, आधी निदान करू." निदान हा शब्द मी मुद्दाम वापरला.

"कर बाय. तुला शिकवलंय कशाला?"

ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून मी बाबांना घोडा जरासा पुढेमागे करायला लावला. आवाज नाही. म्हणजे जोड सैल नाही, नुसतं तबक कोरडं पडलंय, असं मी ठरवलं. ओढणी कमरेला खोचून खाली शिरले आणि दिसेल त्या लोखंडाला ग्रीस फासलं. ते तबकच मुळी नालेच्या आकाराचं. त्याच्याखाली तसाच एक छोटा वाकडा तुकडा तारेनं बांधलेला होता. ही काहीतरी सेफ्टीची सोय असावी, असं म्हणून त्यालाही माखलं.

दुसऱ्या दिवशी आवाज होताच, फक्त जरा ओलसर.

"ग्रीस लावलास का लोनी?" धाकट्या काकानं विचारलं.

अपमान झाला की माणूस जास्त ठाम बोलतो. "पिन झिजलीय," मी जाहीर केलं. "घर्षण. मेटल फटीग."

बाबांनी वाद घातला नाही. गुडघ्यावरून हात फिरवला. "तीपन झिजली, हेपन झिजले. मंग बास आता." आणि त्यांनी घोडा विकायला काढला.

मला वाटलं होतं, ते गॅरेजला जातील. माझ्या शब्दाला एवढं वजन असेल, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. बाबा रोज सकाळी घोड्याची काच पुसायचे आणि कुठेच जायचे नाहीत. मग आत येऊन आईला भाजी चिरून द्यायचे. तेवढं बघवत नव्हतं.

पेणहून गिऱ्हाईक आलं. चावी बाबांच्या मुठीत, मूठ काही उघडत नव्हती. तेवढ्यात आई पक्कड घेऊन आली.

"थांबा जरा. घोडा द्यायचा तं द्या, माजी नाल सोडून घेते."

"कसली नाल?"

"माज्या भावानं आनलेली. अलिबागच्या घोडागाडीवाल्याकडून."

"ती ट्रेलरला कोनी बांधली?"

"मी." आईनं माझ्याकडे बोट केलं. "मी दाराला ठोकत होते. हीच बोलली, आई, नाल दाराला नसते गो, घोड्याला असते. शिकलेली पोर बोलते तं खरा असंल. बांधली घोड्याला."

"पण जोडालाच का?" मी विचारलं.

"जोड सुटू नये म्हनून," आई तार कापता कापता म्हणाली. "मानूस घरी यावा म्हनून."



बाबांनी घोडा काढला, खाडीच्या पुलापर्यंत जाऊन आले. आवाज नाही. गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि चावी खिशात टाकली.

"आणि गुडघे?" मी म्हणाले.

"त्यांना ग्रीस लाव."

नाल आता दाराला ठोकायला माझी काही हरकत नव्हती. पण बाबांनी ती बाहेरच्या खोलीत, माझ्या फ्रेम केलेल्या डिग्रीच्याच खिळ्यावर टांगली. पंखा जोरात लावला की भिंतीवर टण् होतं.

"बाय, बघ गो," बाबा आडवे पडल्या पडल्या विचारतात, "नाल वाजते का डिग्री?"

मी उठून पंखा कमी करते. निदान करत नाही.