आम्हा दोघांचं कडवं

बोलायची हौस मला एक दिवस गोत्यात आणणार, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी चर्चमध्ये गीत सुरू होण्याआधी मी उठलो आणि त्यामागची गोष्ट सांगितली. आमच्या दिवंगत गुरुजींची चार वर्षांची मुलगी तापात गेली, आणि त्याच दुपारी तिच्या उशाशी बसून गुरुजींनी हे गीत लिहिलं. रुमाल निघाले. मी खूश. गुरुजींच्या मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी सुमतीबाई तिसऱ्या बाकावर बसल्या आहेत, हे मी साफ विसरलो होतो. सगळे उभे राहून गात होते. त्या पुस्तक मिटून बसून होत्या.

उपासना संपल्यावर दाराशी मी त्यांची माफी मागितली.

"छान सांगितलंत हो," त्या म्हणाल्या. "फक्त ते उशाशी नव्हते, बाहेर ओट्यावर होते. आत मी पोरीला शेवटची अंघोळ घालत होते. पाणी ओतायला या म्हणून दोनदा हाक मारली, तर म्हणाले, एवढं कडवं होऊ दे. त्या कडव्यात लिहिलंय, आम्ही दोघांनी लेक आनंदानं देवाला दिली. मला कुणी विचारलं होतं?"

इतकी वर्षं ते कडवं मी डोळे मिटून, सूर लावून म्हणत आलो. गीताखाली गुरुजींचं नाव छापलेलं असतं. पाणी एकटीनं ओतणारीचं नाव कुठे छापतात?

घरी येताच सुमतीबाईंची ही गोष्ट लिहायला मी वही उघडली. दाराशी सगळं ऐकलेली बायको म्हणाली, "लिहा, पण आधी त्यांना विचारून या."