दोन सीडी, एक गाणं आणि फुजैराचा रस्ता

हे लिहायचं मी टाळत होतो. रोज संध्याकाळी ताईच्या कॉम्प्युटरसमोर बसायचो, मोडेमची किरकिर संपेपर्यंत थांबायचो, आणि मग दुसऱ्याच कुणाचे तरी डोंगरातले फोटो बघत उठायचो. फुजैराहून येऊन आठवडा उलटला. अल ऐनबद्दल लिहिलं होतं तेव्हा तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, पूर्व किनाऱ्याला जायचं तर कसं, राहायचं कुठे. ते सगळं सांगतो. पण ही सहल मजेची नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवतो. समुद्र बघायला जायचं असेल तर दुसऱ्या कुणाचं वाचा.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: मी सध्या शारजात, अल मजाजला, ताईच्या घरी पडलेला असतो. व्हिजिट व्हिसा. भावोजींच्या मते मी नोकरी शोधतोय.

तर फोन आला तो पास्कलकाकांचा. वसईला आमच्या शेजारची केळीची वाडी त्यांची. लग्नात हवाईयन गिटार वाजवायचे. मांडव कुणाचाही असो, काका हजर. पुढे इकडे आले आणि फुजैरातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये कंट्री म्युझिकच्या बँडमध्ये लागले. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यातली गाणी. घर सुटलं, बाई सोडून गेली, म्हातारी आई वाट बघतेय, असली. वसईच्या लोकांना ती का आवडतात ते विचारू नका, आमच्याकडे प्रत्येक आळीत एक तरी काऊबॉय हॅट असते. फुजैरात तेलाची जहाजं, तेलाच्या टाक्या, त्यामुळे टेक्सासकडची माणसं येऊन-जाऊन. त्यांच्यासाठी हा बार. मायदेशी परतणाऱ्या अशाच एका माणसाकडून काकांनी पेडल स्टील विकत घेतली. गिटारच, पण आडवी. चार पायांवर उभी, खाली पेडल, डाव्या हातात लोखंडाची कांडी. हॉटेलातली साफसफाईवाली मुलं तिला इस्त्रीचं टेबल समजून दोनदा लाँड्रीत घेऊन गेली होती. ताईच्या चिनूनेही फोटो बघून विचारलं होतं, "मामा, व्हाय इज ही आयर्निंग इन अ बार?"

फोनवर काका घाईत होते. "बाबू, देराला जा. त्या बाईची ती नवीन सीडी आण. पण अमेरिकन."

"कुठल्या बाईची?"

"अरे, टॅक्सीत वाजतं ना दिवसभर, ती!"

समजलं. या वर्षी ते गाणं तुम्हीही टाळू शकला नसाल. सुपरमार्केटात तेच, सलूनमध्ये तेच. म्हणायला कंट्री, पण ढोल मशीनचा, व्हायोलिन गायब, स्टीलचं तर नाव नाही. काका म्हणतात, हे वर्षच तसं. अर्धी गाणी अमेरिकेच्या झेंड्याची, ती लागली की बारमध्ये निम्मी माणसं ग्लासात बघत बसतात. उरलेली अर्धी डिस्कोची चुलत भावंडं. आणि हॉटेलच्या मॅनेजरचं म्हणणं एकच: गिऱ्हाइकाला सीडीसारखं ऐकू आलं पाहिजे. त्याने मनिलाहून नवा बँड आणला होता. काकांचं काय करायचं ते शुक्रवारी ठरणार होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

पण काकांना एका टेक्सासवाल्याने जाताना सांगितलं होतं की या गाण्याच्या दोन सीडी निघाल्यात. बाहेरच्या देशांसाठी निघाली ती पॉप. तिकडच्या लोकांसाठी तेच गाणं, तोच गळा, पण मागे स्टील आहे. काकांनी तेवढंच धरून ठेवलं होतं. ती सीडी मॅनेजरला ऐकवायची. "म्हणायचं, बघ साहेब, अस्सल हे आहे. सीडीसारखंच हवं ना तुला? घे!"

बुधवार, देरा

देरा म्हणजे दुबईचा खाडीपलीकडचा जुना बाजार. बर दुबईहून अब्रा धरली, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. अर्धा दिरहॅम, आपले सहा रुपये; दुबईत याहून स्वस्त आणि चांगलं काहीही नाही. पलीकडे धक्क्यावर इराणला जाणाऱ्या लाकडी जहाजांवर फ्रीज चढवत होते, ते बघण्यात माझा तास गेला. मग अत्तरवाल्याने हाताला काहीतरी चोळलं, त्यात अर्धा. सीडीच्या दुकानांत सगळीकडे एकच उत्तर. एका मलबारी दुकानदाराने तर हात जोडले. "भाई, गाना सेम है ना? फिर क्या फरक पड़ता है?"

शेवटी तिथल्याच नायफ बाजाराच्या मागे एक दुकान सापडलं. देश सोडून जाणाऱ्यांचं सामान विकत घेऊन विकणारं. पाळणे, बार्बेक्यू, कुणाची तरी लग्नाची फ्रेम, फोटो काढून घेतलेली. खाली खोक्यात सीडी. वर डॉलरमधली किंमत चिकटवलेली ती सीडी दिसली तेव्हा मी ओरडलोच. दुकानदार म्हणाला, "पंधरा दिरहॅम." मी घासाघीस करायला विसरलो. घरी आल्यावर भावोजींनी लगेच हिशेब केला, "म्हणजे एकशे ऐंशी रुपये. जुन्या सीडीला. वा."

ताईकडचा सीडी प्लेअर बिघडलेला, कॉम्प्युटरला स्पीकर नाहीत. म्हणजे मी ती ऐकली नाही. ऐकली असती तर फुजैराला गेलो असतो का, माहीत नाही.

गुरुवार, रस्ता

शारजातल्या रोलाहून फुजैराची शेअर टॅक्सी मिळते. सीटचे पंचवीस दिरहॅम. सात माणसं भरली की निघते, म्हणून आठवड्याची सुट्टी सुरू होते त्या गुरुवारी लवकर जा. धैदपर्यंत सपाट वाळू आणि उंट, मग एकदम डोंगर. आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. यांच्यावर गवताचं पातं नाही. कुणीतरी खणून ढिगारे टाकून दिल्यासारखे. पाऊण तास तेच बघत बसल्यावर माणूस गप्प होतो.

मसाफीला बाजार लागतो. नाव फ्रायडे मार्केट, उघडा रोज. भाजलेलं कणीस घ्या, गालिचे घेऊ नका. मी एका गालिच्यावरच्या सिंहापाशी इतका रेंगाळलो की पठाण ड्रायव्हर हॉर्न देत खाली उतरला. "यल्ला यार! शेर वहीं रहेगा, मैं नहीं रहूँगा।"

फुजैरा छोटं आहे. साधी खोली शंभर-सव्वाशेला मिळते, मी काकांच्या स्टाफरूममध्ये जमिनीवर झोपलो. जेवायला बंदराच्या रस्त्यावरची केरळी खानावळ: मासे, भात, सांबार, आठ दिरहॅम. काकांनी माशाचा काटा काढून माझ्या पानात टाकला, लहानपणी टाकायचे तसा, आणि सीडीचं कव्हर पालथं करून बारीक अक्षरं वाचत राहिले. वाजवणाऱ्यांची नावं असतात तिथे.

"आहे रे बाबू! स्टीलवाल्याचं नाव आहे! छापलंय!"

त्यांनी ते नाव मला चारदा वाचून दाखवलं. काकीला फोन लावून तिलाही वाचून दाखवलं. पलीकडून काकी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण काका म्हणाले, "हो हो, जेवतोय. माणसाचं नाव सांगतोय ना मी तुला!"

शुक्रवार

मॅनेजर साडेतीनला येणार होता. आम्ही तीनलाच गेलो. दिवसा बार फार वाईट दिसतो. खुर्च्या टेबलांवर उलट्या, फिनेलचा वास, आणि स्टेजवर ती स्टील, चार पायांवर. नव्या बँडची गायिका मारिव्हिक कीबोर्डच्या वायरी जोडत होती. पंचविशीची असेल. काकांना तीही अंकल म्हणते. काकांनी हिंदी-इंग्लिशमध्ये तिला सीडीची सगळी गोष्ट सांगितली. ती खाली येऊन बसली. "ओके अंकल, प्ले."

गाणं सुरू झालं. तोच ढोल. पण खाली एक बारीक व्हायोलिन होतं, ते ऐकून काकांनी माझा गुडघा दाबला. पहिलं कडवं गेलं. ध्रुपद गेलं. काका पुढे वाकून बसले होते, उजव्या हाताची बोटं टेबलावर हलत होती. दुसरं कडवं संपलं, आणि ध्रुपदाआधी, अगदी मागे, एक सूर वर चढला आणि ढोल आल्याबरोबर बुडाला.

काकांनी मागे नेऊन परत लावलं. परत तेवढंच. भाजीला हिंग नुसता दाखवून डबी कुणी परत मांडणीवर ठेवावी, तेवढं.

"इट्स देअर," मारिव्हिक म्हणाली. "आय हर्ड इट, अंकल."

"यू वेअर लुकिंग फॉर इट," काका म्हणाले.

शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी एकदा अजून येईल असं मला वाटत होतं. नाही आलं. मग मारिव्हिकने, तिच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट त्यांना बरं वाटावं म्हणूनच, कीबोर्डचं एक बटण दाबलं. त्यातून स्टील गिटारचा आवाज आला. प्लास्टिकच्या फुलाला अत्तर लावल्यासारखा, पण आला. सीडीवर जेवढी होती तेवढ्यापुरता पुरेसा. हे आम्हा तिघांनाही एकाच वेळी कळलं. तिने पटकन हात काढून घेतला.

मॅनेजर आला. माणूस वाईट नाही, लेबनानी आहे, काकांना 'माय फ्रेंड' म्हणतो. "सो, पास्कल? तू मला काहीतरी ऐकवणार होतास."

काकांनी सीडी काढून कव्हरमध्ये ठेवली. "नथिंग, सर."

मी म्हणालो, "काका, ऐकवा तरी! नाव छापलंय ना त्याचं!"

"छापलंय," काका मराठीत म्हणाले. "त्याला तरी कुठे वाजवू दिलंय? मी ह्याला हे ऐकवलं तर हा म्हणेल, बघ पास्कल, तिकडेपण लागत नाही. बरोबर बोलेल तो. मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाही."

मॅनेजर काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, हबीबी. तिकीट मी बघतो."

झालं. एवढ्यासाठी मी देरा पालथं घातलं होतं.

त्यानंतर काका मला बैल बघायला घेऊन गेले. फुजैराला गेलात तर शुक्रवारी दुपार कलल्यावर समुद्राजवळच्या मैदानात जा, तिकीट नाही. लोक गाड्या गोल लावून टपावर बसतात. दोन बैल डोक्याला डोकं लावून उभे राहतात आणि ढकलतात. रक्त नाही, काही नाही. जो मागे सरला तो हरला. आजूबाजूला पोरं ओरडत होती, चहावाला फिरत होता, आणि मी काकांनी परत दिलेली सीडी खिशात घालून बसलो होतो. एक मोठा काळा बैल बराच वेळ टिकला, मग त्याचे मागचे पाय वाळूत घसरायला लागले.

"बघ," काका म्हणाले, "ह्याला कुणी मारत नाही. दोरी धरून घरी नेतात. बस."

तेवढ्यात दोरीवाल्याने त्याला खरंच ओढत नेलं.

"स्टीलचं काय करणार?" मी विचारलं.

"राहू दे स्टोअररूममध्ये. वजन बघितलंस का तिचं? विमानात माझ्या तिकिटापेक्षा तिचं भाडं जास्त होईल. आणि वसईला कोण ऐकणार? आता लग्नात डीजे असतो." मग ते हसले. "लाँड्रीवाल्यांना देतो. त्यांना तिचा उपयोग माहीत आहे."

मी हसलो नाही. मी म्हणालो, "कणीस खाणार?"

घरी

शनिवारी त्याच रस्त्याने परत. मसाफीला टॅक्सी थांबली, मी उतरलो नाही. काकांनी सांगून ठेवलं होतं, एअरपोर्टवर यायचं नाही, पोचवायला आलेलं माणूस मला सहन होत नाही. काल दुपारचं विमान होतं. म्हणजे आज ते वसईला असतील. काकीने पापलेट आणलं असेल. गल्लीत सगळे विचारत असतील, किती दिवस सुट्टी?

ही ट्रिप करण्यासारखी आहे का? रस्ता चांगला आहे, डोंगर एकदा बघावेत, खानावळीतले मासे उत्तम. माझ्याकडे त्यातलं काय राहिलं ते शोधतोय. पंधरा दिरहॅमची सीडी राहिली. भावोजींनी प्लेअर दुरुस्त करून आणला, तर चिनू दिवसभर तेच गाणं लावते. काल मी तिला म्हटलं, दुसऱ्या कडव्यानंतर नीट ऐक, मागे एक आवाज येतो. तिने कान देऊन ऐकलं. "व्हॉट आवाज, मामा?" मी परत लावलं. आणि खरं सांगतो, मलाही सापडला नाही. आहे हे माहीत असून सापडला नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

थांबा, खालून इंटरकॉम वाजतोय.

वॉचमन होता. म्हणतो, "भैया, नीचे कोई बूढ़ा अंकल आया है, फुजैरा की टैक्सी से। आपका नाम ले रहा है। ऊपर बुलाया तो आता नहीं, पार्किंग में बैठ के टेबल जैसा कुछ जोड़ रहा है। तीन पैर लगा दिए, चौथा ढूँढ रहा है।"