भट्टीवरची मूठ

दानधर्म कसा करावा हे हल्ली जो तो सांगतो. ज्याच्या हातून कधी दाणा सुटला नाही तो तर जास्तच सांगतो. मी दुसरीत पाटी फोडून शाळा सोडलेला माणूस. पण दोंडाईच्याच्या बाजारात जन्मभर भडभुंज्याची भट्टी चालवली. तेव्हा या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये.

आमच्या धंद्याची रीत साधी. बाया घरची ज्वारी, हरभरा टोपलीत घालून आणायच्या. आम्ही तापल्या वाळूत भाजून द्यायचो, आणि मजुरी म्हणून भाजण्याआधी टोपलीतला मूठभर कच्चा दाणा काढून घ्यायचो. वडिलांनी मला भट्टीवर बसवलं तेव्हा म्हणाले, "मूठ सगळ्यांची घ्यायची. गरिबाचीही घ्यायची. फक्त गरिबाच्या टोपलीत हात घातला की बोटं सैल सोडायची." हात वर येईपर्यंत दाणे परत टोपलीत पडायचे. आमच्या डब्यात नावाला काही यायचं. पण मूठ घेतलेली चारचौघांनी पाहिलेली असायची, आणि ती बाई ताठ मानेनं लाह्या घेऊन घरी जायची.

हे आमच्या कापसाच्या जिनवाल्या शेटला कुठून कळणार? माझी भट्टी ज्या जागेवर होती ती जागा त्याची. एका श्रावणात त्याला वडिलांच्या नावानं पुण्य करायची हुक्की आली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी लाह्यांसाठी माझ्याकडे झुंबड उडते, हे त्यानं हेरलं होतं. त्याचा मुनीम निरोप घेऊन आला.

"भाऊ, उद्या कुणाची मूठ घ्यायची नाही. बठ्ठं शेटकडून, सगळं फुकट. तुझी मजुरी शेटच्या कोठीतून मिळेल."

"आणि शेटला काय मिळेल?"

"पुण्य," मुनीम म्हणाला. हसलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मुनीम भट्टीशेजारी खुर्ची टाकून बसला. बरोबर सनई आणि डफवाला. टोपली भरली की मुनीम शेटच्या वडिलांच्या नावानं ओरडायचा, डफ वाजायचा, आणि बाईनं 'जय' म्हणायचं. ते वडील हयात असताना त्यांना बाजारात बघून माणसं बोळात शिरायची. मेल्यावर त्यांचा जय!

दुपारी ती आली. नवरा गेल्यापासून लोकांची कपाशी वेचून एकटीनं पोरगा वाढवणारी बाई. दरसाल यायची. तिनं टोपली माझ्यापुढे ठेवली.

"अक्का, मूठ द्यायची नाही," मुनीम म्हणाला. "आज फुकट आहे. फक्त मोठ्यानं जय म्हण."

"फुकट कसाले? मना घरनी जवारी शे."

"अगं, तुझ्यासारख्या गरिबांसाठीच आहे हे. लाजतेस कशाला?"

खुर्चीमागचे दोघेचौघे हसले. तिनं टोपली उचलली आणि वळली. म्हणजे उद्या तिच्या घरी नागाला लाह्यांवाचून नुसतं दूध.

"थांब अक्का," मी म्हणालो, आणि टोपलीत हात घालून मूठ काढली. सगळ्यांना दिसेल अशी.

"भाऊ, शेटचा हुकूम आहे!"

"शेटचा हुकूम जिनात चालव. भट्टी माझी आहे."

"आणि जागा?"

डफ थांबला. तो काय म्हणाला ते सगळ्यांना कळलं होतं. माझ्या बायकोनं चाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"जागा उद्या घे म्हणावं," मी म्हणालो. "आज वाळू तापली आहे."

पंचमी झाली आणि मला भट्टी मोडावी लागली. गावाबाहेर शिंदखेड्याच्या रस्त्याला नवी बांधली. तिथे वारा असा की जाळ कढईखाली राहायचा नाही, आणि गिऱ्हाईक फिरकायचं नाही. गावातली शहाणी माणसं मात्र आवर्जून यायची. "भाऊ, थोडं वाकायला हवं होतं," म्हणायची. हे सांगता सांगता माझे फुटाणे खाऊन जायची. वाकण्यात त्यांचा हात कुणी धरू शकला नसता.

पुढच्या श्रावणात माझ्या जुन्या जागेवर दुसरा भडभुंजा, तीच खुर्ची, तीच सनई. आवाज माझ्यापर्यंत यायचा. मी हट्टानं भट्टी पेटवली. बायको म्हणाली, "फुकट सोडून इथवर कोण येणार आहे? जळणाच्या पऱ्हाट्या तरी वाचवा."

तेवढ्यात ती अक्का दिसली. डोक्यावर टोपली, भर बाजारातून, त्या खुर्चीसमोरून चालत आली होती. तिच्यामागे सगळं गाव लोटलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. आणखी दोघी आल्या, त्याही रेंगाळत.

तिनं टोपली ठेवली. मी हात घातला, आणि सवयीनं बोटं सैल सुटली.

"हात काढ भाऊ," ती म्हणाली. "तुनी मूठ गयस. दरसाल गयस."

माझ्या मुठीतून दाणे गळतात हे कुणाला दिसत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो! मी हात काढला.

"मना पोऱ्या आते कामले लागना," ती म्हणाली. मग तिनं स्वतः टोपलीत हात घातला, बोटं आवळून मूठ भरली आणि माझ्या डब्यात रिकामी केली. एक दाणा बाहेर सांडला नाही.

"आते भुंज."

मी वाळूत दाणे टाकले. बायकोनं चाळणी उचलली.